मुंबईचा फोर्ट पायी बघायचाय? गाइडसोबत पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सीएसएमटीतून बाहेर पडून सरळ चालत सुटलं तर पाऊण तासात माणूस गेटवेला पोहोचतो. तेच अंतर चांगल्या गाइडबरोबर अडीच तासांतही पुरं होत नाही, आणि होऊही नये. फोर्ट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो, पण तो कोर्टाच्या तारखेला, मंत्रालयातल्या कामाला, नाहीतर टॅक्सीच्या खिडकीतून. मान वर करून फारसं कुणी पाहिलेलं नसतं.

नाशिक-कोल्हापूरहून एका दिवसासाठी येणारे, नोकरीनिमित्त नव्याने मुंबईत आलेले आणि डोंबिवली-बोरिवलीत जन्म काढूनही ‘टाउन’ला कामाशिवाय न गेलेले, अशा तिघांसाठी हे लिहिलं आहे. वॉकची सगळी मजा बुकिंगच्या आधीच ठरते. चुकीचा दिवस, चुकीचा विषय किंवा चाळीस जणांचा घोळका वाट्याला आला, की पुढे गाइड कितीही हुशार असला तरी उपयोग नाही.

१. आधी विषय धरा, मग ठिकाणं

जाहिरातीत ठिकाणांची यादी जितकी लांब, तितका वॉक पातळ. हिशोब करून बघा. अडीच तास म्हणजे १५० मिनिटं. तीन किलोमीटर चालायला गटाला ४५ मिनिटं लागतात. सिग्नल, मागे राहिलेल्यांची वाट बघणं, डोकी मोजणं यात २० मिनिटं जातात. उरली ८५. पंधरा ठिकाणं असतील तर प्रत्येकाला सहा मिनिटंही येत नाहीत. त्यात लोक फोटोच काढतात, ऐकत कुणी नाही. सात-आठ ठिकाणं असतील तर प्रत्येकी दहा मिनिटं मिळतात, आणि दहा मिनिटांत एक इमारत नीट बघून होते.

दक्षिण मुंबईत सहज मिळणारे विषय असे:

- दगडी इमारती: सीएसएमटी, महापालिका मुख्यालय, हायकोर्ट, राजाबाई टॉवर. पहिल्यांदा जाणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.
- ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको (१९३०-४० च्या दशकांतल्या शैलीच्या) इमारती. ऐकायला कोरडं वाटतं, पण गोलाई घेतलेल्या बाल्कन्या आणि जिन्याच्या खिडक्या एकदा कळल्या की पुढे दादर-माटुंग्यातही त्याच दिसायला लागतात.
- जुना किल्ला आणि बाजार: बाजारगेट स्ट्रीट, हॉर्निमन सर्कल, टांकसाळीचा परिसर. गर्दी आणि अरुंद गल्ल्या. मला विचाराल तर सगळ्यात श्रीमंत विषय हाच.
- गिरगाव, खोताची वाडी, वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव. हे फोर्टमध्ये येत नाही, वेगळी सकाळ ठेवा.
- ससून डॉक. पहाटेचा मासळीबाजार. साडेपाचला पोहोचायची तयारी आणि ओल्या फरशीवर न घसरणारी जुनी चप्पल असेल तरच.
- खादाडी. हा नाश्त्याचा वॉक असतो. त्यात इतिहास शोधू नका, आणि इतिहासाच्या वॉकमध्ये नाश्ता शोधू नका.

ओव्हल मैदानाच्या पूर्वेकडच्या गॉथिक (टोकदार कमानींच्या, दगडी) आणि पश्चिमेकडच्या आर्ट डेको इमारती ३० जून २०१८ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. सीएसएमटी त्याआधी २००४ मध्येच आलं होतं. त्यामुळे ‘युनेस्को वॉक’ असं नुसतं लिहिलं असेल तर नक्की कोणता, हे विचारून घ्या. दोन्ही एका सकाळीत उरकणारे असतात. त्यांच्यामागे पळावं लागतं.

२. दिवस आणि वेळ

रविवारी सकाळी सातला फोर्ट रिकामा असतो. फुटपाथवर फेरीवाले नाहीत, बसचे भोंगे नाहीत, रस्त्याच्या पलीकडे उभं राहून इमारतीचा माथा बघता येतो. पहिल्या वॉकला हीच वेळ चांगली. पण रविवारचे तोटेही आहेत. कार्यालयं आणि बँका बंद म्हणून त्यांचे आतले जिने, जाळ्या बघायला मिळत नाहीत, आणि सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये सकाळी प्रार्थना चालू असते, त्या वेळी गटाने आत शिरायचं नाही. डबेवाले बघायचे असतील तर रविवार मुळीच नको. कामाच्या दिवशी अकरा-साडेअकराच्या सुमारास चर्चगेट स्टेशनबाहेर डब्यांची वाटणी चालते.

उजेडाचा विचार फार थोडे लोक करतात. राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट ओव्हलच्या पूर्वेला आहेत. सकाळी सूर्य त्यांच्या पाठीमागे असतो, म्हणजे मैदानातून काढलेल्या फोटोत काळी आकृती येते. सीएसएमटीचं तोंडही पश्चिमेला, तिथेही तेच. कोरीव काम नीट दिसायला हवं असेल तर दुपारी साडेतीन-चारला सुरू होणारा वॉक घ्या. उलट, ओव्हलच्या पश्चिमेकडच्या आर्ट डेको इमारतींवर सकाळचं ऊन समोरून पडतं.

ऋतूबद्दल फार सांगायला नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, ऑक्टोबर आणि मार्चनंतर फक्त सकाळी सातचा. पावसाळ्यात वॉक टाळावाच असं नाही. दादाभाई नौरोजी रोडच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींना तळमजल्यावर कमानी आहेत आणि फुटपाथ त्या कमानींखालून जातो. भर पावसातही तिथे कोरडं राहून बराच वेळ चालता येतं. पावसाळी वॉक विचारताना मार्ग ‘डी. एन. रोडवरून आहे का’ एवढं विचारा.

३. गाइड निवडताना

ढोबळमानाने चार प्रकारची माणसं भेटतात. पर्यटन खात्याचा परवाना आणि ओळखपत्र असलेले गाइड. आर्किटेक्ट, इतिहासाचे अभ्यासक किंवा हौशी जाणकार, जे हेरिटेज वॉक घेतात. ‘मोफत’ म्हणून बोलावून शेवटी टीप घेणारे. आणि गेटवेला अंगावर येणारे, हातात फोटोंचा अल्बम धरलेले.

परवान्याबद्दल गैरसमज फार. सार्वजनिक रस्त्यावरून चालत गोष्टी सांगायला परवान्यावाचून अडत नाही, आणि शहरातले काही सर्वांत चांगले वॉक परवाना नसलेले लोक घेतात. परवाना महत्त्वाचा ठरतो तो घारापुरीसारख्या पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात. तिथे आत समजावून सांगायला परवानाधारक गाइड लागतो. घारापुरीचीच गोष्ट निघाली म्हणून, लेणी सोमवारी बंद असतात आणि गेटवेहून लाँचला साधारण तास लागतो. फोर्टचा वॉक आणि घारापुरी एका दिवसात बसवून दाखवणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

बुकिंग करण्याआधी हे विचारा:

- गटात जास्तीत जास्त किती जण? बारा ते पंधरा ठीक. वीसच्या वर असतील तर गाइडकडे गळ्यातला माइक आणि छोटा स्पीकर हवा, नाहीतर मागच्या पाच जणांना फक्त हातवारे दिसतात.
- भाषा कोणती? खुल्या गटांचे वॉक बहुतेक इंग्रजीत असतात. मराठीत हवा असेल तर आठ-दहा जण जमवून स्वतंत्र वॉक मागा. माणशी खर्च जवळपास तेवढाच पडतो. ‘मराठी-इंग्रजी मिक्स’ म्हणजे इंग्रजीच, वर दोन विनोद मराठीत.
- जाहिरातीतलं नाव तेच येणार, की दुसरं कुणी? गर्दीच्या हंगामात बदली माणूस पाठवतात.
- कोणत्या इमारतीच्या आत जाणार? ‘बघणार’ आणि ‘आत जाणार’ यात फरक आहे. हायकोर्ट, राजाबाई टॉवर, टांकसाळ हे साध्या वॉकमध्ये बाहेरूनच. सीएसएमटीचा आतला भाग बघण्याची व्यवस्थाही वेगळी असते.
- शेवट कुठे? सुरुवातीला परत आणून सोडत नाहीत. सीएसएमटीला सुरू होऊन गेटवेला संपणार असेल तर गाडी सीएसएमटीपाशी उभी करू नका.

अभिप्राय वाचताना ‘खूप छान’, ‘मस्त अनुभव’ सोडून द्या. ज्यात एखादी नेमकी गोष्ट लिहिली आहे, अमक्या कारंज्याबद्दल, तमक्या गल्लीबद्दल, तोच अभिप्राय कामाचा.

४. पैसे

खुल्या गटाच्या वॉकला माणशी साधारण पाचशे ते दीड हजार रुपये पडतात. स्वतंत्र वॉकचा दर बहुधा गटाचा एकरकमी असतो, म्हणून दोघांना महाग आणि आठ जणांना स्वस्त. संग्रहालयाचं तिकीट, नाश्ता, टॅक्सी यात धरलं आहे का, ते लेखी घ्या. व्हॉट्सअॅपवरचा एक मेसेज पुरतो. पावसाने रद्द झाला तर पैसे परत की पुढची तारीख, हेही त्याच मेसेजात.

टीपवर चालणारा वॉक फुकट समजून चार जणांचं कुटुंब घेऊन जाऊ नये आणि शेवटच्या चौकातून हळूच सटकू नये. सशुल्क वॉकचा निम्मा दर माणशी दिला तर कुणालाच वावगं वाटत नाही. सशुल्क वॉकमध्ये टीप ऐच्छिक.

गेटवेवरचा अल्बमवाला ‘शंभर रुपयात सगळं दाखवतो’ म्हणतो. तो फसवतोच असं नाही, पण वॉक बहुधा ओळखीच्या दुकानात संपतो. ‘दुकान नको’ असं आधी सांगून बघा. बरेचदा बोलणं तिथेच थांबतं.

५. सोबत काय घ्यायचं

- मूळ फोटो ओळखपत्र: आधार, वाहन परवाना किंवा पासपोर्ट. काळा घोड्याजवळच्या निळ्या सिनेगॉगमध्ये (केनेसेथ एलियाहू, १८८४) आत जायला लागतं. शाळकरी मुलं असतील तर त्यांचंही.
- बुकिंगचा मेसेज आणि गाइडचा नंबर, फोनमध्ये सेव्ह केलेला. शोधत बसावं लागू नये.
- माणशी एक लिटर पाणी. टोपी. पावसाळ्यात छत्रीऐवजी रेनकोट, कारण पंधरा छत्र्या एकत्र आल्या की कुणालाच काही दिसत नाही.
- वापरातले, सवयीचे बूट. नवे बूट दुसऱ्या तासाला चावतात.
- रुमाल किंवा ओढणी. सिनेगॉगमध्ये पुरुषांनी डोकं झाकायचं असतं.
- छोटी दुर्बीण असेल तर नक्की. फोर्टमधलं निम्मं कोरीव काम दुसऱ्या मजल्याच्या वर आहे.
- सुटे पैसे, कटिंगसाठी.

ट्रॉली बॅग आणू नका. बाहेरगावाहून येत असाल तर सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा. त्याला कुलूप लावलेलं असावं लागतं. ट्रायपॉडही नको, पोलिस हटकतात.

६. भेटण्याची जागा

सर्वांत जास्त लोक इथे चुकतात. ‘सीएसएमटीला भेटू’ याचे पाच अर्थ होतात: लोकलच्या बाजूचं दार, लांब पल्ल्याच्या गाड्यांचं दार, भुयारी मार्ग, महापालिकेसमोरचा कोपरा आणि मेट्रोचं स्टेशन. ‘काळा घोडा’ म्हटलं तरी कुणी पुतळ्यापाशी उभं राहतं, कुणी जहांगीर आर्ट गॅलरीच्या पायऱ्यांवर. गाइडकडून लोकेशन मागवाच, पण सोबत खुणेचा फोटोही मागवा, कारण उंच इमारतींमध्ये नकाशावरचा ठिपका रस्त्याच्या पलीकडे उडी मारतो.

पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांनी चर्चगेटला, मध्य आणि हार्बरवाल्यांनी सीएसएमटीला उतरावं. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून हुतात्मा चौकात थेट बाहेर पडता येतं. पंधरा मिनिटं आधी पोहोचा आणि स्वच्छतागृह स्टेशनवरच उरका. वाटेत बरं ठिकाण मिळेलच याची खात्री नाही, आणि महिलांची अडचण यात जास्त होते. गाइडला ‘मध्ये कुठे थांबणार’ हे विचारायला लाजू नका.

७. चालताना

गाइडच्या समोर नव्हे, डाव्या-उजव्या बाजूला उभे राहा. तो ज्या दिशेला बोट दाखवतो ती दिशा तुमच्याही समोर राहते. रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर थांबून ऐकू नका, मग गाइडनेच थांबवलं असलं तरी.

चांगला गाइड कसा ओळखावा, याची परीक्षा फ्लोरा फाउंटन ते हॉर्निमन सर्कल या जेमतेम अर्ध्या किलोमीटरमध्ये होते. वाईट गाइड सांगतो, “हे कारंजं १८६४ चं, चला पुढे.” चांगला गाइड तुम्हाला कारंज्यापाशी उभं करून विचारतो, “चर्चगेट स्टेशनला चर्चगेट का म्हणतात? तिथे चर्च कुठंय?” मग सांगतो की इंग्रजांच्या किल्ल्याचं एक दार इथे, जिथे तुम्ही उभे आहात तिथेच होतं. दारातून आत सरळ गेलं की सेंट थॉमस चर्च, म्हणून ते चर्चगेट. १८६० च्या दशकात बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना तट पाडला, दार गेलं, नाव तेवढं पुढे स्टेशनला चिकटलं. पुढे तुम्हाला त्याच रस्त्याने चालवत नेतो आणि चर्च दाखवतो, १७१८ चं. शहरातले जुने मैलाचे दगड इथूनच अंतर मोजायचे. आणि तटाचा उरलेला तुकडा बघायचा असेल तर तो सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात आहे, हेही सांगतो.

कारंज्याशेजारीच मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराचं हुतात्मा स्मारक आहे. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या निदर्शकांवर गोळीबार झाला. फुलांच्या रोमन देवीचं कारंजं आणि हे स्मारक यांच्यामध्ये काही पावलांचं अंतर आहे. इथे जो गाइड थांबत नाही, त्याला मराठी गट घेऊन आल्याचं कळलेलंच नाही.

आणखी एक चाचणी: टांकसाळीकडच्या रस्त्यावरचं रतनसी मुळजी जेठा कारंजं. सीएसएमटीचा वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स याचंच काम. माथ्यावर पुस्तक घेऊन बसलेला एक मुलगा आहे. कापसाच्या व्यापाऱ्याने लहान वयात गेलेल्या आपल्या मुलाच्या आठवणीत बांधलेली ही पाणपोई. खाली हत्तींची तोंडं आहेत, ती सगळ्यांना दिसतात. मुलगा दिसण्यासाठी दोन पावलं मागे जावं लागतं, आणि मागे जायला सांगणारा माणूस लागतो.

फोटोंचे नियम: नौदलाची गोदी, टांकसाळ, रिझर्व्ह बँक यांच्याकडे कॅमेरा रोखू नका. हायकोर्टाच्या आवारात नाहीच. ड्रोन पूर्ण बंद. चर्चगेटजवळची १७२५ ची भिखा बेहराम विहीर आणि फोर्टमधल्या अग्याऱ्या फक्त पारशी लोकांसाठी आहेत. कठड्याबाहेरून बघायचं, आत डोकावत फोटो काढायचा नाही. ससून डॉकवर कोळणींना विचारल्याशिवाय फोटो काढलात तर जे ऐकून घ्यावं लागेल ते वॉकच्या फीमध्ये धरलेलं नसतं.

८. दंतकथांपासून सावध

गाइडला टाळ्या हव्या असतात, आणि टाळ्या दंतकथेला जास्त मिळतात. तीन गोष्टी हमखास कानावर पडतील.

पहिली: व्हीटी (सीएसएमटीचं जुनं नाव) आणि मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनच्या नकाशांची अदलाबदल झाली. व्हीटी १८८८ मध्ये पुरं झालं होतं, आणि फ्लिंडर्स स्ट्रीटच्या नकाशाची स्पर्धा १८९९ ची. अदलाबदल करायला दुसरा नकाशा तेव्हा होताच कुठे?

दुसरी: ताजमहाल हॉटेल उलटं बांधलं गेलं म्हणून वास्तुकाराने जीव दिला. मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य या मराठी माणसाचा. काम चालू असताना ते वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पुरं केलं. हॉटेल १९०३ मध्ये उघडलं तेव्हा प्रवेश शहराच्या बाजूने होता, तो पुढे समुद्राकडे आला. गेटवे १९२४ चा, म्हणजे ताजसमोर तेव्हा कमानही नव्हती.

तिसरी: राजाबाई टॉवरचे टोले देणगीदार प्रेमचंद रायचंद यांच्या अंध आईला सूर्यास्तापूर्वी जेवता यावं म्हणून. दोन लाखांची देणगी आणि आईचं नाव हे पक्कं. टॉवर १८७८ ला पूर्ण झाला, आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि ते मुंबईत कधी आलेच नाहीत. हे खरं असूनही गाइड ते क्वचितच सांगतात. जेवणाची गोष्ट मात्र गोष्ट म्हणूनच ऐकायची.

गटात खोडून काढू नका. नंतर बाजूला घेऊन “हे कुठे वाचायला मिळेल?” असं विचारा. जाणकार गाइड दोन पुस्तकांची नावं देतो. बाकीचे म्हणतात, गुगल करा.

९. परतताना

रविवारी मध्य आणि हार्बर मार्गांवर बहुधा अकरा ते चारच्या दरम्यान मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद किंवा वळवलेल्या) असतो. सकाळी सातला आरामात आलेली मंडळी साडेदहाला वॉक संपवून, खाऊन, साडेअकराला स्टेशनवर जातात आणि अडकतात. आदल्या दिवशीच्या पेपरात वेळ छापून येते. ती बघूनच जेवणाचं ठरवा. ब्लॉक असेल तर चारपर्यंत फोर्टमध्येच राहा: छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तीन तास कुठे जातात कळत नाही.

आणि काळा घोडा चौकात जो घोडा दिसतो तो २०१७ चा, त्यावर स्वार नाही. ज्याच्यावरून चौकाला नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्ये इथून हलवला आणि भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला ठेवला. बघायला जायचं तर बुधवार सोडून जा, त्या दिवशी संग्रहालय आणि राणीची बाग दोन्ही बंद.